देवीचा रोग गेला. भीती गेली काय?



आपल्या घरात साठीच्या आसपासचे कोणी असेल तर त्यांचा हात पाहा. दंडावर किंवा कोपराखाली गोल, खोलगट वण दिसतील. नातवाने विचारले तर आजी सांगते, "माझ्या देवी काढल्या होत्या." देवी काढणे म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणे. हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळलेला आहे की त्यातली विपरीत गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. माणसाला आंधळे करणाऱ्या, विद्रूप करणाऱ्या, ठार मारणाऱ्या एका रोगाला आपल्या भाषेत देवतेचे नाव होते! पोराला ताप भरला आणि अंगभर फोड उठले की 'देवी आल्या' असे म्हणत. रोग आला असे कोणी म्हणत नसे. आता घरी देवी आली म्हटल्यावर तिला घालवायची कशी? तिच्यावर औषध कसे करायचे? पोराभोवती कडुनिंबाचा पाला ठेवायचा, तिला गार ठेवायचे, घरात फोडणी द्यायची नाही, आणि ती आपल्या मर्जीने निघून जाण्याची वाट पाहायची. जाताना ती पोराचे डोळे घेऊन गेली तरी तिची ओटी भरायची.

जे देवीचे तेच पटकीचे. पटकीची देवता मरीआई. तिचे ठाणे कोठे असे? बहुधा गावकुसाबाहेर, आपल्याच वस्तीला लागून. तिच्यापुढे अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज कोण? आपल्यातलाच एक भाऊ. साथ आली की गाव मरीआईचा गाडा काढी. त्यावर नैवेद्य, लिंबू, कोंबडे ठेवून तो वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढच्या शिवेवर ढकलायचा. याचा अर्थ इतकाच की आपली मरी शेजारच्या गळ्यात बांधायची आणि त्याला धर्म म्हणायचे! १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. पटकी घाण पाण्यातून येते. आणि स्वच्छ पाण्याला कोणाला हात लावू देत नव्हते, हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. ज्यांना चांगले पाणी नाकारले त्यांच्याच दारात पटकीची देवी बसवली आणि तिचा मान म्हणून त्यांनाच नाचवले. असा हा सगळा व्यवहार होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगाव आपल्या वाडवडिलांनी देव्हारे रिकामे केले. टाक, मूर्ती, परड्या नदीत आणि विहिरीत गेल्या. वाचकांपैकी काहींच्या घरात हे कालपरवा घडले आहे. त्यांनी दोन-चार वर्षांपूर्वी दीक्षा घेतली आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या अजून अधूनमधून कोनाड्याकडे पाहतात. त्यांना हसू नका. देव काढून टाकणे एका दिवसाचे काम आहे. देवामागची भीती काढून टाकायला वेळ लागतो. ती भीती कोनाडा रिकामा पाहून दुसरीकडे जागा शोधते.

२०२१ साली तिने जागा शोधली. कोरोनाची दुसरी लाट चालू असता मे महिन्यात तमिळनाडूत कोइंबतूरच्या एका मठात 'कोरोना देवी'ची मूर्ती बसवली गेली. जूनमध्ये उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 'कोरोना माते'चे देऊळ उभे राहिले. ते पुढे लवकरच पाडले गेले. वर्तमानपत्रात हे वाचून आपल्या वस्तीतले तरुण मनसोक्त हसले. आणि त्याच तरुणांच्या खिशातला मोबाईल काय सांगत होता? लस घेणारा दोन वर्षांत मरतो. लस घेतली की मूल होत नाही. टोचलेल्या जागी चमचा चिकटतो. हे कोणी पाहिले, असे विचारले तर उत्तर यायचे, "एका मोठ्या डॉक्टरने सांगितले म्हणे." कोणत्या डॉक्टरने? "ते नाव नव्हते, पण खरे आहे." मरीआई अंगात येऊन बोलायची, ही काचेवर येऊन बोलते. तिलाही प्रतिप्रश्न केलेला चालत नाही आणि तिचाही गाडा आपण पुढच्या शिवेवर, म्हणजे पुढच्या माणसाच्या मोबाईलवर ढकलून देतो.

हा विषय आज घेण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्या विहारात धम्मवर्ग चालू असताना एका उपासिकेने मला प्रश्न केला. तिच्या धाकट्या मुलाचा गोवराच्या लशीचा दुसरा डोस राहिला होता. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या आणि ही टाळत होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, कालाम सुत्त तुम्हीच शिकवले ना? कोणी सांगितले म्हणून मानू नका, सगळे सांगतात म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग सरकार सांगते म्हणून मी माझ्या पोराला सुई का टोचू द्यावी?"

वर्गात शांतता पसरली. मलाही चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. प्रश्न करणे चूक नव्हते. बुद्धाच्या विहारात बसून कोणी प्रश्न करत नसेल तरच काळजी करावी. पण उत्तर नीट दिले पाहिजे, आणि ते कालाम सुत्तातूनच दिले पाहिजे.

कालाम हे कोसल देशातल्या केसपुत्त गावचे लोक. त्यांच्या गावी निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत. प्रत्येक जण आपले तेवढे खरे म्हणे आणि दुसऱ्याचे फाडून टाकी. कालाम गोंधळले. भगवंत तेथे आले तेव्हा त्यांनी आपली शंका पुढे ठेवली. तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले, अशी भगवंतांनी सुरुवात केली आणि मग कशाकशावर विसंबू नये ते सांगितले. अंगुत्तर निकायात हे सुत्त आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते मुळातून वाचावे.

आपण हे सुत्त बहुधा अर्धे पाठ केलेले असते. परंपरेवर विसंबू नका, धर्मग्रंथावर विसंबू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, एवढे आपल्याला आवडते. कारण ते ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे पोथी आणि पुरोहित येतात. पण त्या यादीत अगदी आरंभी काय आहे? ऐकीव गोष्ट. पुढे काय आहे? 'असे म्हणतात' म्हणून पसरलेली वार्ता. आणि त्याच यादीत आणखी एक बाब आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते: आपण आधीच धरून बसलो आहोत त्या मताशी जुळते म्हणून एखादी गोष्ट मानू नका. सरकारवर आपला राग आहे, दवाखान्यात आपला अपमान झाला आहे, आणि तेवढ्यात लशीविरुद्ध एक निरोप येतो. तो आपल्या रागाशी जुळतो. म्हणून तो खरा वाटतो. भगवंतांनी ज्याबद्दल सावध केले ते हेच नव्हे काय? सरकारच्या तोंडचे मानायचे नाही आणि मोबाईलच्या तोंडचे मानायचे, याला तपासणे म्हणत नाहीत. त्याला फक्त पुरोहित बदलणे म्हणतात.

आणि सुत्त तेथे थांबत नाही. उरलेला अर्धा भाग असा आहे की एखादी गोष्ट आचरली असता हित होते की अहित, सुख येते की दुःख, आणि जाणते लोक तिला दोष देतात की तिची वाखाणणी करतात, हे पाहून मग तुम्हीच स्वीकारा किंवा टाकून द्या. म्हणजे परिणाम पाहायचा. जाणत्यांना विचारायचे. शंका ही दाराची कडी आहे. ती काढून आत जायचे असते. जन्मभर कडीला लटकून राहायचे नसते.

परिणाम पाहायचा म्हणजे काय करायचे? याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे उंदरांसारखी मरू लागली. वाल्देमार हाफकिन हा रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ त्या वर्षी मुंबईत आला आणि त्याने तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने पहिल्यांदा कोणाला टोचली? स्वतःला. त्याला ताप आला, अंग दुखले आणि तो बरा झाला. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. लस न घेताही पुष्कळ लोक प्लेगातून वाचतच होते. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांना ते तयार झाल्यावर लस टोचली, निम्म्यांना टोचली नाही. (तुरुंगातल्या माणसाचे 'तयार होणे' कितपत खरे, हा प्रश्न माझ्या मनात येतो आणि आपल्याही मनात यावा.) तुरुंग एक, अन्न एक, पाणी एक, उंदीर तेच. फरक फक्त लशीचा. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला आणि एकही दगावला नाही.

आता मोबाईलवरचा निरोप या शेजारी ठेवून पाहा. 'अमक्याने लस घेतली आणि तो चौथ्या दिवशी मेला.' दुःखाची गोष्ट आहे, खोटी असेलच असे नाही. पण लस न घेतलेले त्याच चार दिवसांत किती मेले? हा दुसरा आकडा निरोपात कधीच नसतो. कोट्यवधी लोकांना सुई टोचली जाते तेव्हा त्यांतील काहींना त्याच आठवड्यात हृदयविकाराचा झटका येणारच होता. तमिळ नट विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ रोजी लस घेतली आणि १७ तारखेला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. देशभर बोभाटा झाला. पुढे तज्ज्ञांच्या समितीने चौकशी केली आणि मृत्यूचा लशीशी संबंध नसल्याचा निर्वाह दिला. बोभाटा प्रत्येकाच्या कानावर गेला, चौकशीचा निर्णय किती जणांना ठाऊक आहे? प्रतीत्यसमुत्पादाचा धडा आपण घेतो तेव्हा काय शिकतो? हे असल्यामुळे ते होते. 'हे'च्या पाठोपाठ 'ते' आले एवढ्यावरून 'हे'मुळे 'ते' झाले असे ठरत नाही. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही.

येथे मी थोडे आपल्या लोकांच्या बाजूने बोलणार आहे. आपल्या माणसाला दवाखान्याची भीती वाटते ती अडाणीपणामुळेच वाटते, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातले पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचले, त्यांच्या दंडातून आणखी पुढच्यांना. अनेक दशके लस अशीच दंडातून दंडात जात राहिली. आणि ज्यांच्या फोडातून पाणी काढायचे ती मुले बहुधा कोणाची असत? गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची. त्यांना आठव्या दिवशी बोलावून फोड पुन्हा टोचायचा, पाणी काढायचे. त्या मुलांना दुखत असे, जखम चिघळत असे. उलट वरच्या जातीचे पुष्कळ लोक लस नाकारत ती या कारणाने, की हलक्या जातीच्या पोराच्या अंगातले पाणी आपल्या अंगात जाईल. रोगाला जात नव्हती. लशीला मात्र आपल्या देशाने जात लावली. पुढे वासरापासून लस काढू लागले तेव्हा हा प्रकार मागे पडला.

पुढे प्लेगाच्या काळात सरकारने १८९७ चा साथरोग कायदा करून शिपाई घरात घुसवले, बायामाणसांना तपासणीसाठी रस्त्यावर उभे केले, सामान जाळले. मुंबईत अफवा उठल्या की इस्पितळात रोग्याच्या देहातून तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून तिने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. अफवा खोटी होती. अपमान खरा होता. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ मध्ये, नसबंदीसाठी गरिबांना धरून नेले. त्यानंतर वर्षानुवर्षे उत्तरेत पोलिओच्या थेंबांनी मुले नपुंसक होतात अशी आवई उठत राहिली, आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या लशीबद्दलही तीच आवई, शब्दसुद्धा न बदलता, परत आली. पोलिओचे थेंब तरीही दिले गेले. १३ जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रोगी सापडला नाही. ते थेंब प्यालेली मुले आज आईबाप झाली आहेत. आपल्या विहारात त्यांची पोरे खेळतात.

तेव्हा अविश्वासाला कारणे आहेत. पण ज्याने अपमान केला त्याच्याविरुद्ध लढायचे, की त्याच्या हातातले औषध फेकून आपलेच पोर मारायचे? बाबासाहेबांनी काय केले? महाडचे पाणी सवर्णांच्या ताब्यात आहे म्हणून पाणीच वाईट, असे ते म्हणाले नाहीत. पाण्यावर आपला हक्क सांगितला. नर्सबाई उद्धटपणे बोलल्या तर तक्रार करा, दहा जणी मिळून जा, त्यांना जाब विचारा. लस मात्र घेऊन या, ती तुमच्या हक्काची आहे.

त्याच प्लेगात, पुण्यात, सावित्रीबाई फुले यांनी काय केले हे येथे सांगितले पाहिजे. डॉक्टर झालेल्या यशवंत या मुलासह त्यांनी प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा चालवली होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिनने स्वतःला लस टोचून त्या दिवशी दोन महिने पुरे झाले होते. आपल्या वस्तीतल्या पोराला खांद्यावर घेऊन त्या देवळाकडे गेल्या नाहीत, दवाखान्याकडे गेल्या. आणि पोराला स्पर्श करताना त्यांनी जात पाहिली नाही.

लस म्हणजे अमृत नव्हे, हेही सांगून ठेवतो. नाहीतर आपण एका देवीऐवजी दुसरी बसवू. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची लस टोचलेल्या लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हे १९ ही जण एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. हाफकिनवर ठपका ठेवून त्याला कामावरून दूर केले. बरीच वर्षे वाद चालला. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, असे पुराव्यातून पुढे आले. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरला. पुढे १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्याचेच नाव दिले गेले. या प्रकरणातून मला काय दिसते? लशीनेही माणसे मरू शकतात, हे लपवले गेले नाही. चौकशी झाली. दोष कोठे होता ते शोधले. अफवेला बाटली कोणती ते कधीच ठाऊक नसते. कोरोनाच्या लशींचेही तसेच. हात दुखणे, ताप, अंगमोडी पुष्कळांना झाली. कोविशिल्डच्या जातीच्या लशीने फार क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर विकार होतो, हे शास्त्रज्ञांनीच शोधले आणि शास्त्रज्ञांनीच जाहीर केले. लस घेऊनही कोरोना होतो, हेही खरे. पण प्राणावर बेतण्याचा धोका लशीने पुष्कळ कमी केला, हे देशोदेशी भायखळ्यासारखीच दोन्ही बाजू मोजून पाहिल्यावर दिसले. लाभ किती आणि धोका किती हे तराजूत घालणे, हेच मध्यम मार्गाने चालणाऱ्याचे काम आहे.

आता परित्राणपाठाविषयी. हा विषय नाजूक आहे. २०२१ मध्ये काही घरांत मी ऐकले की आम्ही रतन सुत्त म्हणतो, मनगटाला सूत बांधले आहे, आम्हाला लशीची गरज नाही. या बंधूंच्या श्रद्धेचा मी अनादर करत नाही. वैशालीत दुष्काळ आणि साथ आली तेव्हा लिच्छवींनी भगवंतांना बोलावले आणि आनंदांनी नगरात रतन सुत्ताचे पठण केले, अशी अट्ठकथेतली परंपरा आहे. सुत्त म्हणा. घरातली माणसे एकत्र बसतात, घाबरलेले मन शांत होते, बुद्ध-धम्म-संघाचे गुण आठवतात. परंतु पांढऱ्या सुताला लिंबू-मिरचीचे काम सांगू नका. स्वतः भगवंतांचे शरीर बिघडले तेव्हा त्यांनी काय केले? विनयपिटकात आहे: जीवक वैद्याने कमळांत औषध घालून दिले आणि तथागतांनी ते घेतले. ज्याने तृष्णा जिंकली त्याने औषध घेतले, आणि आपण सुताच्या भरवशावर बसणार?

त्याच विनयात आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवले. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रोग्याची सेवा करावी, असे भगवंत तेव्हा म्हणाले. हे आपण पुष्कळदा ऐकतो. त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणे कठीण, याची लक्षणे तेथे दिली आहेत. जो अपथ्य करतो तो एक. जो औषध घेत नाही तो दुसरा. आणि जो आपला आजार खराखरा सांगत नाही तो आणखी एक. कोरोनाच्या दिवसांत ताप लपवून लग्नाला गेलेले आठवतात ना? अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांची नोंद होऊन गेली आहे.

देवीचा रोग या देशातून कसा गेला ते थोडक्यात सांगतो. एकट्या १९७४ साली भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. कार्यकर्ते दारोदार रोग्याचे चित्र दाखवत फिरले. लोक रोगी लपवत, देवी कोपेल म्हणून लस नाकारत. काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी जबरदस्तीही केली. ती मला समर्थनीय वाटत नाही. जेथे रोगी सापडे तेथे भोवतीच्या सर्वांना लस टोचून रोगाला कोंडले. शेवटी शेवटी तर रोगी कळवणाऱ्यास हजार रुपये बक्षीस होते. २४ मे १९७५ नंतर या भूमीवर देवीचा रोगी सापडला नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या देवीचा कोप कोणावर झाला? कोणावरही नाही. ती उठून गेली, कारण ती कधी नव्हतीच. एक विषाणू होता.

जगात नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा माणूस सोमालियातल्या मेर्का गावचा अली माओ मालिन, १९७७ सालचा. तो इस्पितळात स्वयंपाकी होता. इस्पितळात नोकरी करूनही सुई दुखेल या भीतीने त्याने लस टाळली होती. तो वाचला. पुढे अनेक वर्षे तो पोलिओच्या लशीसाठी आयांच्या दारोदार फिरला आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगत राहिला. २०१३ साली तेच काम करताना तो आजारी पडून वारला. त्याला कोणी सुत्त शिकवले नव्हते. पण झालेली चूक लपवायची नाही आणि दुसऱ्याच्या हिताला लावायची, ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटावी.

चौथे शील आपण रोज घेतो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण. 'मी कोठे बोललो? मी फक्त पुढे पाठवले,' ही पळवाट आहे. खरे की खोटे हे पाहिले नाही आणि शंभर जणांना पाठवले, त्यातल्या एका आईने पोराची लस चुकवली आणि पोर गेले, तर पहिल्या शीलाचे काय झाले?

हे लांबचे सांगत नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ आली. सर्वांत जास्त झळ गोवंडीकडच्या गरीब वस्त्यांना बसली. लहान मुले दगावली. त्यांपैकी बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती. कोणाचे डोस कोरोनाच्या टाळेबंदीत राहून गेले, कोणी भीतीने टाळले. गोवराचा एक रोगी संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली तरच उरलेली पाच, ज्यांत फार लहान आणि फार आजारी बाळे असतात, ती सुरक्षित राहतात. आपण लस घेतो ती एकट्या आपल्या पोरासाठी घेत नाही. शेजारच्या घरातल्या सहा महिन्यांच्या बाळाला नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे गोवराची लस अजून मिळालेली नसते. त्याच्याभोवती आपलीच पोरे भिंत होऊन उभी असतात. गाडा शेजारच्या शिवेवर ढकलणे आणि हे, यात केवढे अंतर आहे पाहा.

त्या उपासिकेला मी पुढच्या रविवारी हे सगळे सांगितले. मला वाटले होते ती लगेच मान डोलावेल. तिने तसे केले नाही. तिने विचारले, "दुसरा डोस उशिरा दिला तर चालतो का? ताप आला तर काय करायचे? आणि त्या नर्सबाई मागच्या वेळी सर्वांदेखत मला ओरडल्या, त्याचे काय?" तिन्ही प्रश्न खरे कालामांचे होते. पहिल्या दोहोंची उत्तरे माझ्यापाशी नव्हती, म्हणून आम्ही ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. उशीर झाला तरी राहिलेला डोस द्यावा, असे त्यांनी सांगितले. एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, घाबरू नये, ताप उतरला नाही तर दाखवायला आणावे. तिसऱ्या प्रश्नासाठी महिला मंडळाच्या चार जणी तिच्याबरोबर केंद्रावर गेल्या. नर्सबाई त्या दिवशी ओरडल्या नाहीत.

पुढील धम्मवर्गाला येताना प्रत्येक कुटुंबाने मुलांची लसीकरण कार्डे बरोबर आणावीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, हे रकाने आधी पाहावेत. सरकारी केंद्रावर या लशी मोफत मिळतात. ज्यांचे कार्ड हरवले आहे त्यांनी लाजू नये. आशाताई त्या दिवशी विहारात येणार आहेत. आजीआजोबांनाही आणावे, त्यांच्या हातावरचे वण मुलांना दाखवायचे आहेत.